हळद हिरवी, नवरी लाल: १८ हजारांत मिक्सिंगसाठी मॉनिटर कुठला घ्यावा?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणारा २४ वर्षांचा एक मुलगा घरीच लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करतो. फोटोग्राफर लोक हार्डडिस्क आणून देतात, हा हायलाइट, रील आणि पूर्ण फिल्म बनवून देतो, सगळं काम १५.६ इंची जुन्या लॅपटॉपवर. गेल्या सीझनला एका पार्टीनं फिल्म परत पाठवली, मोबाईलवर नवरीचा चेहरा लालभडक दिसतोय आणि हळदीचा कार्यक्रम हिरवट मारतोय म्हणून. तेव्हापासून त्या पार्टीच्या फोटोग्राफरकडून येणारं काम कमी झालंय. आता त्याच्याकडे १८ हजार साठलेत. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो २७ इंची कर्व्ह गेमिंग मॉनिटर घे, १६५ हर्ट्झचा. मित्र म्हणतो ४के आणि १० बिट नसेल तर एडिटिंगला हातच लावू नको, इएमआयवर २८ हजारांचा उचल. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, ते म्हणतात एवढ्या पैशात ४३ इंची टीव्ही येतो, तोच लाव, घरातल्यांनाही बघता येईल. सोबत त्यानं आपल्या टेबलाचा फोटो पाठवलाय. त्याचा प्रश्न असा की स्वस्तातला घेतला तर परत तेच होईल का, आणि चांगला परवडतच नसेल तर या धंद्यात राहायचं कशाला?

मित्रा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. एक फिल्म परत आली आणि तू थेट धंद्यात राहू की नको इथपर्यंत जाऊन पोचलास. लग्नाची फिल्म परत येणं या कामात चालूच असतं, कुणाला आत्याचा शॉट हवा असतो, कुणाला गाणं बदलून हवं असतं, कुणाला पंगतीत आपण दिसलोच नाही याचा राग असतो. रंगावरून परत आली याचा अर्थ इतकाच की तुला तुझ्या स्क्रीनवर दिसत होतं ते त्यांना त्यांच्या मोबाईलवर दिसत नव्हतं. तुझी नजर वाईट आहे असं त्यातून काही निघत नाही. आणि फोटोग्राफरनं काम कमी केलं ते रंगामुळेच, हे त्यानं स्वतः सांगितलंय का? पत्रात तसं कुठं नाहीये, तू तसं धरून चाललायस. डिलिव्हरीला उशीर, दर, रीलची स्टाइल, काहीही असू शकतं, आणि तसलं काही कारण असेल तर २८ हजारांचा मॉनिटर आणूनही ते काम परत येणार नाही. त्यामुळे खर्च करायच्या आधी त्याला एक फोन कर आणि सरळ विचार.

दुसरं म्हणजे नवरी लाल आणि हळद हिरवी या दोन्हीचं खापर तू लॅपटॉपवर फोडतोयस. मला ही दोन वेगळी दुखणी वाटतात.

नवरी लाल होण्यात लॅपटॉपचा हात नक्की असणार. जुन्या, मध्यम किमतीच्या लॅपटॉपला बहुतेक करून ४५ टक्के एनटीएससीवाला, म्हणजे कमी रंग दाखवणारा, पॅनल असतो. एसआरजीबी म्हणून रंगांचा जो ठरलेला पट्टा आहे, ज्यावर यूट्यूब-इन्स्टाचे साधे व्हिडिओ चालतात आणि एचडी व्हिडिओचा रेक ७०९ सुद्धा मूळ रंगांच्या बाबतीत ज्याच्याशी तंतोतंत जुळतो, त्यातले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग असला पॅनल दाखवू शकतो. लाल शालू त्याच्यावर विटकरी दिसतो. तुला वाटतं रंग उठत नाहीये, म्हणून तू सॅच्युरेशन वर ढकलतोस, शालूबरोबर चेहऱ्यातला लालही वाढतो. त्यात हे पॅनल बऱ्याचदा निळसर मारतात, म्हणून तू अजून थोडं वॉर्म करतोस. आता तुझ्या लॅपटॉपवर सगळं छान दिसायला लागतं आणि तीच फाइल एमोलेड मोबाईलवर, तोही व्हिव्हिड मोडवर ठेवलेला, गेली की चेहरा पेटतो. तू फिल्मचा दोष काढतोय असं समजून लॅपटॉपचा दोष काढत बसलास आणि ती दुरुस्ती फाइलीत कायमची जाऊन बसली. हे दुखणं चांगल्या मॉनिटरनं जातं.

हळदीचं वेगळं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात हळद म्हणजे अंगणात नाहीतर गच्चीवर, वर हिरवी शेडनेट ताणलेली. त्या नेटमधून गाळून येणारा सगळा उजेडच हिरवट असतो, आणि पिवळ्या रंगाचा स्वभाव असा की त्यात हिरवं जरा जास्त झालं की तो लगेच बिघडलेला वाटतो. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे पांढरा कुठला ते त्यानंच ठरवायचं असा, असेल तर शॉटशॉटला वेगळं, आणि दोन कॅमेरे असतील तर विचारायलाच नको. म्हणजे ही चूक शूटिंगमध्येच झालीये. मग तुला एडिटिंगला दिसली कशी नाही? तू पाठवलेला फोटो बघ, लॅपटॉपच्या मागची अख्खी भिंत पोपटी ऑइलपेंटची आहे. डोळा समोरच्या रंगाला सरावतो, तासन् तास पोपटी भिंतीकडे तोंड करून बसल्यावर फिल्ममधली थोडीफार हिरवी झाक, म्हणजे कास्ट, डोळ्याला जाणवतच नाही, कुणाच्याही डोळ्याचं असंच होतं. त्या भिंतीसमोर तू लाखाचा मॉनिटर ठेवलास तरी हे होणार.

म्हणून आज, मॉनिटर यायच्या आधी, परत आलेला तो प्रोजेक्ट उघड आणि स्कोप, म्हणजे रंग-उजेडाचे आलेख, लाव. प्रीमियरमध्ये लुमेट्री स्कोप, रिझॉल्व्हमध्ये आहेत, एडियसमध्येही वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप आहे. स्कोप फाइलीतले आकडे वाचतो, तुझा स्क्रीन कसाही असला तरी त्याला फरक पडत नाही. मराठी लग्नात तुला पांढऱ्याचा नमुना फुकट मिळतो तो म्हणजे अंतरपाट. मंगलाष्टकांच्या शॉटमध्ये अंतरपाटाच्या पांढऱ्या भागावर झूम किंवा क्रॉप करून आरजीबी परेड बघ, लाल, हिरवा, निळा तिन्ही जवळपास एका उंचीवर असले की व्हाइट बॅलन्स बरोबर, एक वर चढलेला असला की तो कास्ट. मात्र अंतरपाट कधी कधी मळकट किंवा क्रीम रंगाचा असतो, तेव्हा भटजींचं उपरणं, नवरदेवाचं धोतर, मंडपाचं पांढरं कापड असं अजून एखादं ताडून घे. चेहऱ्यासाठी व्हेक्टरस्कोपमध्ये लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेघ असते, स्किन टोनची. गोरा, सावळा, काळा, कुठल्याही माणसाची त्वचा नीट प्रकाशात असेल तर त्या रेघेच्या आसपासच पडते. हळद माखलेल्या चेहऱ्याला मात्र ती रेघ लावू नकोस, तिथे खरोखरच पिवळा रंग आहे, रेघेवर आणायला गेलास तर हळदच धुवून टाकशील. तिथे पांढरं शोध, बनियन, टॉवेल, जे असेल ते.

हे एवढं केलंस तरी जुन्या लॅपटॉपवरही तुझं काम पुष्कळ सुधारेल. मग मॉनिटर नकोच का? हवाच. स्कोप सांगतो रंग कुठं आहे, पण तो चांगला दिसतोय का, शालूच्या जरीतला तपशील राहिला का, मागच्या रांगेतली माणसं अंधारात गेली का, हे बघायला खरं दाखवणारा स्क्रीन लागतोच. तेव्हा खरेदीकडे येऊ.

तुझ्या कामात मॉनिटरनं आधी रंग आणि उजेड जसा आहे तसा दाखवायचा, बाकी सगळं त्याच्यानंतर. म्हणून बॉक्सवर किंवा स्पेसिफिकेशनच्या पानावर हे शोध: आयपीएस पॅनल, एसआरजीबी किमान ९९ टक्के, ८ बिट कलर म्हणजे १ कोटी ६७ लाख रंग, आणि जमलं तर फॅक्टरी कॅलिब्रेटेड म्हणजे कारखान्यातच रंग तपासून लावलेला, डेल्टा ई २ पेक्षा कमी. डेल्टा ई म्हणजे मागितलेला रंग आणि दाखवलेला रंग यातलं अंतर, दोनच्या खाली असलं की साध्या नजरेला फरक कळणं अवघड. नुसतं '७२ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तरी ते साधारण १०० टक्के एसआरजीबीएवढंच असतं, घाबरू नकोस. पण फक्त '१६.७ मिलियन कलर्स' आणि 'व्हायब्रंट डिस्प्ले' एवढंच लिहून गॅमटबद्दल, म्हणजे रंगांच्या पट्ट्याबद्दल, एक अक्षर नसेल तर तो सोडून दे, कारण ६ बिटच्या पॅनलवरही युक्तीनं रंग मिसळून तो आकडा लिहिता येतो.

आता दुकानदाराचा गेमिंग मॉनिटर. १६५ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १६५ वेळा ताजा होतो. तुझी फिल्म २५ किंवा ३० फ्रेमची, स्लो मोशन केलंस तरी बाहेर पडताना तेवढीच. ६० किंवा ७५ हर्ट्झ तुला भरपूर झाले, बाकीच्याचे पैसे खेळणाऱ्यानं द्यावेत. शिवाय स्वस्त कर्व्ह मॉनिटर बहुतेक व्हीए पॅनलचे असतात. व्हीएचा काळा रंग छान गडद असतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, जिथे साध्या आयपीएसचा १०००:१, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. पण बाजूनं बघितलं की त्याचा रंग आणि उजेड बदलतो. तू म्हणशील मी तर समोरच बसतो. तू बसतोस रे, पण पार्टी येते तेव्हा नवरीची आई, मावशी, करवली खुर्च्या ओढून तुझ्या दोन्ही बाजूंना बसतात आणि तिथून चेहरा फिका दिसला की तुला सांगतात उजेड वाढव म्हणून, आणि तू वाढवतोस. आयपीएसवर सगळ्यांना जवळपास एकच चित्र दिसतं. आणि त्या २७ इंची गेमिंगचं रिझोल्यूशन विचारलंस का? त्या भावात बऱ्याचदा १०८० असतं. २७ इंचावर १०८० म्हणजे इंचाला ८२ च्या आसपास पिक्सेल, जवळ बसून बघताना अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. तेच रिझोल्यूशन २४ इंचावर ९२ होतं, चालून जातं. बॉक्सवर एचडीआर ४०० चं स्टिकर असेल (एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला) तर त्याला भुलू नकोस, खऱ्या एचडीआरला जेवढा उजेड आणि जागोजागी कमीजास्त होणारा बॅकलाइट लागतो तो या किमतीत येत नाही, आणि लग्नाची फिल्म तू साध्या एसडीआरमध्येच देतोस.

मित्राच्या ४के बद्दल. शूट ४के आहे म्हणून मॉनिटर ४केच पाहिजे ही समजूत फार पसरलीये आणि तिनं खूप जणांचे पैसे घालवलेत. एडिट करताना प्रोग्रामची खिडकी स्क्रीनच्या अर्ध्याहून कमी जागेत असते, बाकी टाइमलाइन, बिन (क्लिपांचे फोल्डर), इफेक्ट. फोकस तपासायचा तर प्रिव्ह्यू १०० टक्क्यांवर नेऊन डोळ्यांजवळचा भाग बघायचा, साध्या मॉनिटरवरही ते होतं. २७ इंची ४के वर काम सुंदर दिसतं यात वाद नाही, पण तुझा लॅपटॉप आधीच ४के क्लिप चालवताना अडकतो असं तूच लिहिलंयस, त्याच्यावर ८३ लाख पिक्सेलचा स्क्रीन लादणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यात एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर चालतं, माउससुद्धा अडखळत सरकतो. ४के ला ६० हर्ट्झ हवे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. तुझ्या लॅपटॉपचं मॉडेल टाकून पोर्ट कुठलं आहे हे बघूनच पुढं जा, कुठलाही मॉनिटर घेतलास तरी.

१० बिटचंही तसंच. तुझे फोटोग्राफर ज्या कॅमेऱ्यांवर शूट करतात त्यातले बरेच, अगदी लग्नात सर्रास दिसणारा सोनी ए७ थ्री सुद्धा, कार्डावर ८ बिटच रेकॉर्ड करतात. तू फाइल देतोस ती एच.२६४, तीही ८ बिट. मधे एकट्या मॉनिटरनं १० बिट असून काय साधणार? पुढं कधी जाहिराती, सिनेमाचं ग्रेडिंग करायला लागलास तर त्याचा विचार वेगळा, तेव्हा डेकलिंकसारखं व्हिडिओ आउटपुटचं कार्ड, रेफरन्स मॉनिटर हा सगळाच खर्च वेगळा असतो.

वडिलांचं म्हणणं मात्र मी टाकून देणार नाही. ते बरोबर बोट ठेवतायत की फिल्म शेवटी टीव्हीवरच बघितली जाते, पेनड्राइव्ह लावून, सगळं घर एकत्र बसून. फक्त रोजच्या कामाला टीव्ही नको. तो रंग आणि शार्पनेस आपल्या मनानं वाढवतो, बरेच टीव्ही कॉम्प्युटर लावल्यावर रंगाची माहिती कमी करून दाखवतात त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा धूसर दिसतात, आणि दोन फुटांवरून ४३ इंच बघत दिवसभर बसलास तर मान आणि डोळे दोन्ही जातील. घरात जो टीव्ही आहे तो तपासणीला वापर. फिल्म पूर्ण झाली की पेनड्राइव्हवर टाकून त्याच्यावर एकदा सगळ्यांबरोबर बघ, तेही वडिलांना शेजारी बसवून. पार्टीला जे खटकणार ते त्यांना आधी खटकेल.

मग घ्यायचा कुठला? तुझ्या जागी मी २४ इंची, १०० टक्के एसआरजीबी, फॅक्टरी कॅलिब्रेटेड आयपीएस घेईन. आसुसच्या प्रोआर्टमध्ये पीए२४८क्यूव्ही म्हणून आहे, तो १९२०×१२०० चा आहे, म्हणजे नेहमीपेक्षा १२० ओळी उंच, टाइमलाइनला एक-दोन ट्रॅक जास्त मावतात, आणि एडिटरला ती उंची फार कामाची. तुझ्या बजेटमध्ये तो बसतो का ते भाव बघून ठरव, सेलसेलला भाव बदलतात. तोच २७ इंचात पीए२७८क्यूव्ही, २५६०×१४४०, इंचाला १०९ पिक्सेल, आणि खरं सांगायचं तर एडिटिंगला हे माप सगळ्यात सुखाचं. बेनक्यूची पीडी आणि डेलची अल्ट्राशार्प सिरीजही याच कामाची. पण ते तुझ्या १८ हजारांच्या वर जाण्याची शक्यता जास्त, आणि रंग दाखवण्याच्या बाबतीत २४ वाला त्याच्या मागं नाही, फक्त जागा कमी. ज्या वाचकांचं बजेट १० हजारांच्या आसपासच आहे त्यांनीही हताश होऊ नये, ९९ टक्के एसआरजीबीचे साधे २४ इंची आयपीएस त्या भावात मिळतात, कॅलिब्रेशनचा कागद नसतो एवढंच.

सेकंडहँड अल्ट्राशार्प हा पर्याय मला आवडतो, कंपन्या ऑफिसं बदलतात तेव्हा असे मॉनिटर पुण्यात पुष्कळ निघतात, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं. पण चार-पाच वर्षांच्या आतलाच घे आणि मागं छापलेली तारीख स्वतः वाच. फार जुन्यात बॅकलाइट पिवळा पडलेला असतो, आणि पिवळ्या स्क्रीनवर बसून तू फिल्म निळी करून टाकशील. तासभर चालू ठेवून दाखवायला कोणी तयार नसेल तर तिथून निघून ये.

इएमआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे, या कामासाठी नको. तुझी कमाई सीझनची. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागल्यावर कामं सुरू होतात. हप्ता मात्र दर महिन्याला येणार, श्रावणातही येणार. 'नो कॉस्ट' म्हणतात त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी लागतो. तू घेतलेला मॉनिटर जास्त कामं आणेल या भरवशावर कर्ज काढतोयस, आणि कामं आणणारी गोष्ट मॉनिटरचं माप नाही हे वर बोललोच.

आता दुकानात काय करायचं ते. जाताना पेनड्राइव्हवर तीन गोष्टी ने. एक, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेचं फुटेज, तुझ्याकडे असणारच. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेले मानकरी दिवसाच्या उन्हात आहेत असा शॉट घे, पांढऱ्यावर पांढरं. चांगल्या मॉनिटरवर बाराबंदीच्या चुण्या, गाठी, घामानं ओला झालेला भाग वेगवेगळा दिसतो, वाईटावर नुसता पांढरा ठिपका. दोन, त्याच यात्रेतल्या होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा रात्रीचा शॉट, त्यात खाली अंधारात उभी असलेली गर्दी. ती गर्दी काळ्यात विरून गेली तर अंधारातला तपशील गेला, आणि काळ्याच्या जागी सगळं धुरकट राखाडी दिसलं तर उजेड गळतोय. तीन, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी, फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांत बनते. पट्टीत कुठं गुलाबी, कुठं हिरवी झाक दिसली तर तो पीस नको. दुकानातले मॉनिटर भडक डेमो मोडवर ठेवलेले असतात, आधी मेन्यूत जाऊन एसआरजीबी किंवा रेक ७०९ मोड लावायला सांग. आपल्याकडे बायका साडीचा पदर दुकानाच्या दिव्यांतून बाहेर उजेडात नेऊन बघतात आणि मगच पैसे काढतात, तुलाही तसाच रंग बघून घ्यायचाय, दुकानदार कंटाळला तरी चालेल. मग खुर्चीवरून उठून डावीकडून, उजवीकडून, थोडं वरून बघ. शेवटी पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी अशी पाच चित्रं एकेक पूर्ण स्क्रीनवर लावून डेड पिक्सेल शोध. एखाददुसऱ्या डेड पिक्सेलसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत, त्यामुळे हे बिल करायच्या आधीच. ऑनलाइन मागवलास तर हेच सगळं घरी, परत करायची मुदत संपायच्या आत, आणि बॉक्स उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढ.

घरी आल्यावर पहिलं काम भिंतीचं. रंगवायला पैसे नसतील तर मॉनिटरच्या मागं साधं राखाडी कापड लाव, भिंतीचा दिसणारा भाग झाकेल एवढं. चादर लावायचा मोह होईल, घरात सोलापुरी चादरींना तोटा नाही, पण त्यावरचे रंग आणि नक्षी पोपटी भिंतीइतकीच त्रासदायक, तेव्हा कापड साधंच. फोटोत खिडकी तुझ्या खुर्चीच्या पाठीमागं आहे, दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर पडत असणार, टेबल असं फिरव की खिडकी बाजूला येईल, आणि रंगाचं काम करताना जाड पडदा ओढ. आपल्याकडे मिळणारी 'कूल डेलाइट' एलईडी ट्यूब ६५०० केल्विनची असते आणि मॉनिटरचा पांढराही ६५०० च्या आसपास ठरवलेला असतो, म्हणजे वेगळा महागडा दिवा घ्यायची गरज नाही, तीच एक लहान ट्यूब मॉनिटरच्या मागं भिंतीकडे तोंड करून लाव आणि खोलीतला पिवळा बल्ब बंद ठेव.

मॉनिटरचा ब्राइटनेस बहुतेक जण १०० वर ठेवतात. असल्या मंद खोलीत १०० ते १२० निट (स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुरे, आणि हे मॉनिटर २५० ते ३५० निटपर्यंत जातात, तेव्हा मेन्यूतला आकडा बराच खाली आणावा लागेल. फार उजळ स्क्रीनवर काम केलं की फिल्म काळपट होते, टीव्हीवर मांडवातले लोक दिसत नाहीत. विंडोजची नाइट लाइट बंद. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयची आउटपुट रेंज 'फुल' आहे का बघ, 'लिमिटेड' असेल तर काळा धुरकट दिसतो आणि माणूस उगाच नव्या मॉनिटरला नावं ठेवतो. रंगाला हात लावायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू असू दे, तोपर्यंत टाइमलाइन कापत बस. लॅपटॉपच्या स्क्रीनवर यापुढं फक्त बिन आणि फोल्डर, रंग तिकडे बघायचाच नाही. कॅलिब्रेशनचं यंत्र स्वतःला घ्यायला महाग आहे, पण शहरातले चार-पाच मिक्सिंगवाले मिळून एक घेतलं तर प्रत्येकाला परवडेल, काही महिन्यांतून एकदाच लागतं, बोलून बघ.

राहिला पार्टीचा मोबाईल, तो तुझ्या हातात नाही, पण पाठवायची पद्धत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलास की तो दाबून बारीक होतो, शालूची जर चौकोनी ठिपक्यांत जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हची लिंक दे. आणि सोबत एक ओळ लिही, की मोबाईलचा आय कम्फर्ट मोड बंद करून बघा. तुझा स्वतःचा सॅमसंग आहे म्हणालास, त्यात स्क्रीन मोड 'नॅचरल' करून ठेव, तो एसआरजीबीच्या बराच जवळ जातो, म्हणजे पाठवण्याआधी तपासायला दुसरा भरवशाचा स्क्रीन खिशातच आहे. एकदा नॅचरलवर, एकदा व्हिव्हिडवर बघ. व्हिव्हिडवर चेहरा थोडा चढेल, पण पेटता कामा नये.

मॉनिटर घेऊन काही उरलेच तर छोटा यूपीएस घे. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की प्लगवरची हार्डडिस्क बंद पडून रेंडर अर्धवट, तिच्यावर लिहिणं चालू असेल तर फाइल गेली, आणि पार्टीचं ओरिजिनल फुटेज त्याच डिस्कवर असतं. २४ इंची एलईडी मॉनिटरला २०-२५ वॅटच्या आसपास लागतात, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे ६०० व्हीएचा (इथे व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, पॅनल नव्हे) साधा यूपीएस मॉनिटर आणि हार्डडिस्क दोन्ही सांभाळून काम सेव्ह करायला पुरेसा वेळ देतो.

बिल घेताना वॉरंटी सोलापुरात घरी येऊन देतात की पीस पुण्याला पाठवावा लागतो हे लिहून घे. भर सीझनमध्ये मॉनिटर पुण्याला गेला तर तू परत त्याच लॅपटॉपवर. दुकानात बघितलेल्या दोन-तीन मॉडेलची पूर्ण नावं आणि तुझ्या लॅपटॉपच्या पोर्टचा फोटो पाठव, त्यात तुझ्यासाठी कुठला बसतो ते पुढच्या वेळी लिहितो.